मशीन उभं राहता कामा नये

भोसरीत रविवार गुरुवारी येतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे इथल्या अनेक घरांत पोरांची शाळा बंद असते तेव्हा वडील कामावर आणि वडील घरी असतात तेव्हा पोरं शाळेत. या गुरुवारामागे दत्ताची भक्ती नाही, विजेचा हिशेब आहे. राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर त्या दिवशी विजेची मागणी धाडकन खाली येते आणि बाकीचे सहा दिवस वीज पुरेनाशी होते. म्हणून राज्य वीज मंडळाच्या काळात निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार वाटून दिले गेले. मंडळाचं वीजवाटप पुढे महावितरणकडे गेलं, गुरुवार तसाच राहिला.

छोट्या वर्कशॉपच्या मालकाला हा वार सोयीचा पडतो. बँक उघडी असते, सीए भेटतो, सरकारी कार्यालयात माणूस जागेवर सापडतो. म्हणजे सुट्टी कामगारांना. मालकाची फक्त कामाची जागा बदलते. सकाळी गाळ्याचं शटर अर्धं वर करून तो आठवडाभर राहिलेली कामं काढतो. पट्टा बदलायचा, हायड्रॉलिक तेलाची पातळी बघायची, कंप्रेसरच्या पाइपातून कुठे हवा फुसफुसते ते ऐकायचं. एरवी मशीनच्या आवाजात ही गळती कानावर येत नाही, पण कंप्रेसर तिच्यासाठी दिवसभर वीज खात असतो.

शुक्रवारी सकाळी शटर उघडलं की एक आंबूस वास येतो. तो कूलंटचा. कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं दुधट रंगाचं तेल. कापाच्या जागी त्याची धार सोडून हत्यार आणि जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, थंड ठेवतात. मशीन चालू असताना ते सतत फिरत असतं आणि त्यात हवा मिसळत राहते. एक दिवस थांबलं की मशीनच्या सरकपट्ट्यांवरून गळालेल्या तेलाचा तवंग त्यावर पसरतो, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू जोर धरतात. जिथे रविवारची सुट्टी असते तिथे हा वास सोमवारी येतो. त्यावर औषध एकच, टाकी वेळच्या वेळी उपसणं आणि तवंग काढणं, आणि नेमकं तेच सगळीकडे लांबणीवर पडतं.

वासाने काही कोणाचं दिवाळं निघत नाही. थांबलेल्या मशीनचं खरं दुखणं वहीत दिसतं. मशीन कापत असतं तेव्हाचा खर्च जॉब भरून देतो. ते उभं असतं तेव्हाचा खर्च कोणी देत नाही. लहान वर्कशॉपमधली जवळजवळ प्रत्येक धावपळ या एका गोष्टीभोवती फिरते, असं माझं मत झालं आहे. लोखंड कापणं हा त्यातला त्यात सोपा भाग.

आकडे मांडून बघू. समजा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथसाठी २० लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ४२,५०० रुपये येतो. महिन्याचे २५ दिवस, आठ तासांची एकच पाळी चालवली तर २०० तास मिळतात आणि प्रत्येक तासाच्या डोक्यावर २१२ रुपये नुसत्या हप्त्याचे बसतात. दोन पाळ्या चालवल्या तर तेच १०६ वर येतं. यात अजून भाडं नाही, वीज नाही, पगार नाही. रात्री साडेदहाला भोसरीच्या आतल्या गल्लीतून गेलात तरी अर्ध्या गाळ्यांमधून दिवा आणि आवाज बाहेर येतो, त्याचं कारण या भागाकारात आहे. फार काम आहे म्हणून दुसरी पाळी असते असं नाही. कित्येकदा दुसरी पाळी लावता यावी म्हणून कमी दराचं काम घेतलेलं असतं.

मुळात हे काम गल्लीत आलं कुठून? पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे १९६१ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. तिने जमिनी घेतल्या, रस्ते-पाणी-वीज आणली आणि भूखंड पाडले. टेल्को आणि बजाज ऑटो इथे मोठ्या झाल्या. गाडीचा कारखाना गाडी जोडतो. तिच्यातले सगळे भाग स्वतः बनवत नाही. गिअरबॉक्स किंवा ब्रेकचा संच एखाद्या मध्यम कंपनीकडून येतो, त्या कंपनीला लागणारे शाफ्ट, बुश आणि पिना आणखी लहान कंपनीकडून, आणि त्यातलं एखादं ऑपरेशन, नुसतं भोक पाडणं किंवा नुसता आटा पाडणं, हजार-दोन हजार फुटांच्या भाड्याच्या गाळ्यातून. गाडीच्या जाहिरातीत यातलं कोणी दिसत नाही.

गाळा भाड्याचा असतो हेही महत्त्वाचं. भूखंड ज्यांना साठ-सत्तरच्या दशकात मिळाले त्यांच्यापैकी अनेकांनी मागे शेड वाढवून ते भाड्याने दिले. नवा माणूस तिथून सुरुवात करतो. जे तिथेही मावत नाहीत ते वसाहतीच्या बाहेर, गावठाणाच्या कडेला पत्रे ठोकतात. त्यात धोका असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली अनधिकृत ठरवलेली हजारो बांधकामं पाडली. त्यात भंगाराची गोदामं होती तशी चालू वर्कशॉपंही होती. सीएनसी मशीन कपाटासारखं उचलून नेता येत नाही. क्रेन लागते, नव्या जागी पाया लागतो, लेव्हल काढावी लागते, विजेचं नवं कनेक्शन लागतं. तोवर हप्ता चालूच.

आता मशीनजवळ जाऊ. सकाळची पहिली पाळी सुरू होते तेव्हा मशीन थंड असतं. स्पिंडल फिरू लागला की बेअरिंग तापतात, बॉलस्क्रू तापतो, लोखंड काही मायक्रॉनने वाढतं आणि जॉबचं माप सरकतं. म्हणून अनुभवी ऑपरेटर आधी मशीन थोडा वेळ रिकामं पळवतो, मग पहिला जॉब काढतो, तो मोजतो आणि ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या मापाच्या दुरुस्तीत, पाच-दहा मायक्रॉनचा फरक टाकतो. ‘फर्स्ट पीस’ पास झाल्याशिवाय पुढचा माल काढायचा नाही, असा नियम भिंतीवर लिहिलेला असतो. घाई असेल तर तो भिंतीवरच राहतो.

किती बारीक मापाची ही गोष्ट आहे? समजा २५ मिलिमीटरचं भोक आहे आणि ड्रॉइंगवर एच-७ लिहिलं आहे. याचा अर्थ भोक २५.००० पेक्षा लहान चालणार नाही आणि २५.०२१ पेक्षा मोठंही चालणार नाही. मोकळीक फक्त २१ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्यात पोलाद तापलं की फुगतं, एका मीटरला एका अंशामागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन. मशीनमधून नुकताच निघालेला जॉब हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ते २५ मिलिमीटरचं भोक जवळजवळ सहा मायक्रॉनने मोठं दिसतं. म्हणजे एकूण मोकळिकीतला पावहून जास्त भाग नुसत्या उष्णतेने खाल्ला. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा संकेत आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये २० अंश कुठून आणणार? पण एक सोय आहे. गेजही पोलादाचा आणि जॉबही पोलादाचा असेल आणि दोन्ही एकाच तापमानाला आले असतील तर दोघं सारखेच फुगलेले असतात. म्हणून चांगला तपासनीस गरम जॉबमध्ये लगेच गेज घालत नाही. गेजशेजारी त्याला थोडा वेळ ठेवून देतो. प्लग गेजचं एक टोक ‘गो’, ते आत गेलंच पाहिजे. दुसरं ‘नो-गो’, ते जाता कामा नये. या तपासणीला शिक्षण फारसं लागत नाही, सचोटी लागते, कारण नो-गो टोक थोडं शिरू लागलं की आवाज न करता जॉब चांगल्या ट्रेमध्ये सरकवण्याचा मोह होतो.

कापणारं हत्यार म्हणजे कार्बाइडचा इन्सर्ट, नखाएवढी चपटी वडी. तिच्या नावातच तिचं माप असतं. सीएनएमजी १२०४०८ म्हटलं की ८० अंशांचा चौकट आकार, १२ मिलिमीटरच्या आसपासची कड, पावणेपाच मिलिमीटर जाडी आणि टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. ही वडी उलटसुलट करून चार कोपरे वापरता येतात. तीन कोपऱ्यांतच ती डब्यात पडली तर हत्याराचा पाव खर्च वाया. म्हणून मालक जुन्या इन्सर्टचा डबा उपडा करून अधूनमधून कोपरे तपासतो, आणि हे करताना ऑपरेटर त्याच्याकडे कसं बघतो हे पाहण्यासारखं असतं. वापरलेल्या वड्याही फेकत नाहीत. त्यात टंगस्टन असतं, कार्बाइडच्या भंगाराला किलोवर चांगला भाव मिळतो. कापताना निघणारी लोखंडाची बरही विकली जाते, पण ती कूलंटने ओली असेल तर भंगारवाला वजनात कापतो.

दर ठरतानाची खरी चकमक वेगळीच असते. समजा मशीनचा तासाचा दर ३५० रुपये धरला. जॉब कापायला तीन मिनिटं, काढायला-घालायला अर्धं मिनिट. साडेतीन मिनिटांनी भागलं की तासाला १७ नग. कंपनीच्या खरेदी विभागातले साहेब कॅल्क्युलेटर पुढे करतात: “वीस रुपये साठ पैसे झाले. वीस करा, शेठ.” शेठच्या वहीत मात्र तासाला १४ नगच आहेत, कारण मधे चहा आहे, इन्सर्ट फिरवणं आहे, दर दहा नगांनी मोजणं आहे, बर अडकली म्हणून दार उघडणं आहे. त्याचा दर २५ येतो. दोघांचंही गणित बरोबर आहे. एकाने मशीनचा तास धरला, दुसऱ्याने माणसाचा. तडजोड बहुतेकदा वीसच्या बाजूला झुकते, कारण काम मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी मशीन उभं राहणार हे साहेबांनाही माहीत असतं.

सेटिंगचं तसंच. एक काम काढून दुसरं चढवायचं म्हणजे चकचे जॉ बदला, सॉफ्ट जॉ असतील तर नव्या व्यासाला बोअर करा, टूल लावा, प्रत्येक टूलचा ऑफसेट घ्या, प्रोग्रॅम चढवा, एक-दोन जॉब बिघडवून माप आणा. दोन तास गेले तर ७०० रुपये. १,००० नगांची ऑर्डर असेल तर नगामागे ७० पैसे, ५० नगांची असेल तर १४ रुपये. बाहेरच्या माणसाला वाटतं की एका तुकड्याला एवढे पैसे का सांगतात. कारण तुम्ही तुकड्याचे पैसे देत नसता, मशीन तुमच्यासाठी दोन तास उभं केलं त्याचे देत असता. चांगला सेटर हे दोन तास पाऊण तासावर आणतो. म्हणून या पट्ट्यात सेटर मालकाला सोडून जाणार अशी नुसती कुजबुज झाली तरी पगार वाढतो.

सगळ्यात महाग असतं ते बिघडलेलं काम. जॉबवर्कमध्ये माल कंपनीचा असतो, वर्कशॉपवाला फक्त मजुरी घेतो. समजा नगामागे त्याला दोन रुपये सुटतात आणि कंपनीने दिलेलं फोर्जिंग २४० रुपयांचं आहे. एक नग रिजेक्ट झाला की पूर्ण मालाची डेबिट नोट येते, आणि १२० चांगल्या नगांची कमाई तिच्यात जाते. शंभरात एक नग बिघडला, तर वरकरणी ९९ टक्के काम चोख आहे आणि वर्कशॉप तोट्यात आहे. वीज गेल्यावर मालक आधी दिव्याकडे न बघता मशीनकडे का धावतो ते यावरून कळेल. कापाच्या मधोमध वीज गेली तर स्पिंडल थांबतो, टोक जॉबमध्ये रुतलेलं राहतं, इन्सर्ट तुटतो आणि बहुतेक वेळा जॉबही जातो. वीज परत आल्यावर सगळे अक्ष मूळ जागी आणायचे, टूल तपासायचे. खंड पाच मिनिटांचा, नुकसान अर्ध्या तासाचं.

एका गाळ्यात सगळं काम होत नाही, आणि हीच या पट्ट्याची ताकद आहे. एखादा शाफ्ट घ्या. ब्राइट बार एका ठिकाणी बँडसॉवर कापला जातो, टर्निंग दुसरीकडे, की-वे तिसऱ्या गाळ्यातल्या व्हीएमसीवर, मग इंडक्शन हार्डनिंग, मग ग्राइंडिंग, मग प्लेटिंग. हे सगळे लोक दोन-चार किलोमीटरच्या आत सापडतात. ड्रिलला धार लावणारा कोपऱ्यावर आहे, इन्सर्ट उधारीवर देणारा दुकानदार समोर, वायरकटवाला मागच्या गल्लीत. टेल्को रोडवरचा चहाचा गाडाही यातलाच म्हणायला हवा. कोणाचं मशीन रिकामं आहे, कुठल्या कंपनीचं पेमेंट थकलं आहे, ही बातमी तिथे व्हॉट्सअपच्या आधी कळते. चाकणला किंवा आणखी लांब स्वस्त जागा मिळते हे ठाऊक असूनही लहान माणूस भोसरी सोडायला नाखूश असतो. तिथे गेला तर तुटलेल्या टॅपसाठीही अर्धा दिवस जाईल.

या प्रवासात शाफ्टबरोबर कागद फिरतात. प्रत्येक उंबऱ्यावर चलन फाडायचं, तीन प्रतींत. जीएसटीच्या कायद्यात जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत यावा लागतो. यंत्रसामग्री असेल तर तीन वर्षांत. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चरना मुदतीचं बंधन नाही. वर्षानंतर न आलेला माल विकला असं धरून कर लागतो. गाळ्यात कोपऱ्यात गंजत पडलेले जुने पाच-सहा नग कधीकधी भंगारापेक्षा महाग ठरतात ते यामुळे. आणि अखेरच्या टप्प्यावर, प्लेटिंग झाल्यावर, शाफ्ट वाकडा निघाला तर चूक कोणाची? टर्निंगवाला हार्डनिंगवाल्याकडे बोट दाखवतो, हार्डनिंगवाला बारच्या मटेरियलकडे. निवाडा बहुधा गुणवत्तेवर होत नाही. ज्याचं बिल अजून द्यायचं बाकी आहे त्याच्या नावावर डेबिट पडतं.

इतकं करून माल वेळेत पोहोचायला हवा. मोठ्या कारखान्यात साठा ठेवत नाहीत, लागेल तसा माल मागवतात. म्हणजे साठा ठेवण्याचं ओझं खाली सरकलं आहे, गेलेलं नाही. “लाइन थांबेल, शेठ, काय ते आज संध्याकाळपर्यंत बघा,” हा फोन आला की ४०० नगांपैकी तयार असलेले २३० छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, भरून निघतात, आणि पुढचा सगळा भरवसा पुणे-नाशिक रस्त्यावरच्या वाहतुकीवर. ज्येष्ठात देहू-आळंदीहून पालख्या निघतात तेव्हा आकुर्डी-दिघीकडचे रस्ते बंद होतात. जुने मालक पंचांग बघून डिस्पॅच आदल्या रात्री काढतात.

माणसांशिवाय यातलं काही चालत नाही आणि माणसं टिकवणं सगळ्यात अवघड. ऑपरेटर मराठवाड्यातून, विदर्भ-खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले असतात. बरेचसे आयटीआय झालेले, काही हेल्पर म्हणून लागून बघून बघून शिकलेले. पेरणी, लग्नसराई, दिवाळी, छठ या काळात गाळे अर्धे रिकामे होतात आणि “आठ दिवसांत येतो, मालक” म्हणून गेलेला माणूस महिन्याने येतो किंवा येतच नाही. त्याला दोष देता येत नाही. बाराशे किलोमीटरवरच्या घरी वर्षातून एकदा जायचं तर आठ दिवसांत काय होणार?

लेथवर काम करताना हातमोजे घालायचे नाहीत, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगावं लागतं. त्याला ते उलटं वाटतं. पण फिरत्या चकमध्ये मोज्याचं एक सूत अडकलं तरी हात खेचला जातो. अंगठी, कडं, लोंबती बाही, गळ्यातला गमछा, सगळं त्याच कारणाने वर्ज्य. लांब फितीसारखी निघणारी बर हाताने ओढायची नाही, हूकने काढायची. ती ब्लेडइतकी धारदार असते. पॉवर प्रेसचं काम यापेक्षा वाईट. तिथे एका नगामागे सेकंद वाचवायला सेन्सर किंवा दुहेरी बटण बंद ठेवलं जातं आणि बोटं जातात. हे टाळता येण्यासारखं असूनही होतं, आणि त्याचं खापर नुसतं कामगाराच्या निष्काळजीपणावर फोडणं मला पटत नाही. नगावर पगार आणि तासावर ताण असेल तर सेन्सर कोणीतरी बंद करणारच.

वर्कशॉप लहान का राहतात, याचं एक उत्तर कायद्यातल्या आकड्यांत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत ती वीस आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, साधारण दहा माणसांवर लागतो, भविष्यनिर्वाह निधी विसावर. त्यामुळे दहावा आणि विसावा माणूस घेताना मालक फार विचार करतो, आणि काही जण दहावा माणूस न घेता भावाच्या नावाने शेजारचा गाळा उघडतात. कामगाराच्या दृष्टीने यात जातं ते नेमकं अपघातानंतर लागणारं संरक्षण. दहाच्या आतल्या चांगल्या मालकांना हे कळतं आणि ते स्वतःहून अपघात विमा काढतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग राहतो.

आता पैशांचं. माल गेला, बिल गेलं, आणि मग वाट बघणं. ६० दिवस, ९० दिवस. मधल्या काळात पगार सात तारखेला द्यायचा, हप्ता पाच तारखेला, आणि बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, कंपनीकडून पैसे आले असोत वा नसोत. कंपनीला त्या कराची वजावट लगेच घेता येते. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तरच ती उलटवावी लागते. थोडक्यात, पत्र्याच्या शेडमधला माणूस काचेच्या इमारतीतल्या कंपनीला बिनव्याजी उसने देतो आणि स्वतः कॅश क्रेडिटवर व्याज भरतो.

कायदा त्याच्या बाजूने आहे, कागदावर तर चांगलाच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. २०१७ पासून तक्रार ऑनलाइन करता येते. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात आहे त्याच्यावर तक्रार कोण करणार? हे ओळखून २०२३ च्या वित्त कायद्याने दुसरीकडून दोरी ओढली. आयकर कायद्याच्या ४३-बी कलमात एक पोटकलम घातलं: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते दिले जातील त्या वर्षीच खर्च म्हणून धरता येतील. आता मार्चअखेरीला थकलेली बिलं अचानक मोकळी होतात, कारण उशीर केला तर कंपनीलाच त्या वर्षी कर जास्त भरावा लागतो. कोणी तक्रार न करता काम होतं, म्हणून मला हा उपाय आधीच्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. अर्थात लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी नसलेल्याकडे ऑर्डर वळवण्याची पळवाटही लगोलग सापडली. नोंदणी करायची की ऑर्डर टिकवायची, अशा पेचात काही जण अडकले.

दसऱ्याला मशीन ठरवून बंद ठेवतात. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाळा धुतात, मशीनवरचा तेलाचा थर रॉकेलने पुसतात, चकला हळदकुंकू लागतं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने पाटावर मांडले जातात. उत्तरेकडचे ऑपरेटर १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात, त्यामुळे कितीतरी गाळ्यांत मशीनला वर्षातून दोनदा नारळ फुटतो. मालक दोन्हीकडे पेढे आणतो. मशीन उभं राहिल्याची कुरकूर या दोन दिवशी तरी कोणी करत नाही.

विजेवरच्या गाड्यांची चिंता अलीकडे चहाच्या गाड्यावर ऐकू येते. इंजिनात शेकडो फिरते-सरकते भाग असतात, मोटरमध्ये थोडे. नुसतं इंजिनाचंच काम करणारे धास्तावले आहेत, ब्रेक आणि सस्पेंशनचं करणारे निवांत आहेत. काहींनी पंप-व्हॉल्व्हच्या कामाकडे मोर्चा वळवला आहे.

इतक्या कटकटी असताना नवी वर्कशॉपं निघतातच कशी? बहुतेक जुन्यांतूनच निघतात. दहा वर्षं दुसऱ्याचं मशीन चालवलेला ऑपरेटर गावाकडचं थोडं सोनं मोडतो, तीस वर्षं जुना साधा लेथ लिलावातून उचलतो आणि ओळखीच्या माणसाच्या शेडचा कोपरा भाड्याने घेतो. त्याला ड्रॉइंग वाचता येतं, माप येतं, कुठल्या कंपनीचे साहेब कसे आहेत तेही ठाऊक असतं. जुना मालक आठवडाभर धुसफुसतो. मग ज्या पन्नास नगांच्या कामासाठी सीएनसी दोन तास उभं करणं परवडत नाही, ते काम त्याच्याकडे पाठवतो. साध्या लेथवर ते सेटिंग वीस मिनिटांत होतं. त्यामुळे भोसरीतल्या बऱ्याच नव्या गाळ्यांच्या फाइलमध्ये पहिलं चलन जुन्या मालकाचं असतं, आणि दरावरून पहिली घासाघीसही त्याच्याशीच झालेली असते.